मानेतली गाठ आणि आत्याचं वेगळं ताट

आमच्या गल्लीतली एक लेक परवा माझ्याकडं आली. दारातच उभी राहिली, आत येईना. म्हणाली, "शेवंतामावशी, तुम्हाला झालेलं ते मला बी निघालंय." मी तिचा हात धरून आत ओढली, आधी चहा पाजला आणि मग दिवस मावळेपर्यंत आम्ही बोलत बसलो. जाताना ती हसत गेली. तिला न्यायला आलेला नवरा म्हणाला, "मावशी, हे समदं लिहून का ठेवत न्हाय तुम्ही?"

तर हे घ्या, लिहायला बसले. शाळेचं तोंड मी बघितलं नाही. अक्षरं शिकले ती डेअरीच्या कार्डांवर, सभासदांची नावं वाचता वाचता. तेव्हा कुठं वेलांटी चुकली तर सांभाळून घ्या. रोगाचं पुस्तकी ज्ञान माझ्याकडं नाही, ते डॉक्टर सांगतील. मला एवढंच सांगायचंय, की मला लसिकाग्रंथींचा कॅन्सर झाला तेव्हा माझी थोरली लेक दहा वर्षांची होती, आणि आज तिच्या नातवाला मांडीवर घेऊन मी हे लिहितेय. मधूनच पेन ओढतोय तो, म्हणून अक्षर वाकडं.

पोत सरकायला लागली

आमचं गाव तेरपासून जवळ. मोठा दुष्काळ होऊन आठ-नऊ वर्षं झाली होती. गावात दूध सोसायटी निघाली आणि मला तिथं काम मिळालं. लोक चरव्या घेऊन यायचे, मी दूध मापायची, प्रत्येकाच्या दुधाचा नमुना बाटलीत घ्यायची आणि यंत्र हातानं फिरवून फॅट काढायची. आम्ही बौद्ध. आमच्या घरातल्या बाईनं गावाच्या दुधाला हात लावायचा म्हणून सुरुवातीला दोघा-चौघांनी नाकं मुरडली. चेअरमन माणूस सरळ. ते म्हणाले, "हात बघून फॅट कमी-जास्त व्हत असलं तर मला दाखवा." मग कुणी बोललं नाही.

एक दिवस माझ्या ध्यानात आलं, की गळ्यातली पोत सारखी उजवीकडं सरकतीय. मधोमध आणावी, परत सरकावी. हात लावून बघितला तर डाव्या बाजूला, गळ्याच्या हाडाच्या वर, हरभऱ्याएवढी गाठ.

माझ्या सासूला आम्ही आत्या म्हणायचो. त्यांना दाखवली.

"दुखतंय का?"

"न्हाय."

"मग कशाला कुरवाळत बसलीस? दुखंल तवा बघू."

ती दुखलीच नाही. म्हणून सांगते, न दुखणारी गाठ हसण्यावारी नेऊ नका. हरभऱ्याचं बोर झालं, बोराचा चिक्कू झाला. आत्यांनी बिब्बा लावला. त्यानं कातडी भाजली, गाठ होती तिथंच. अंगाला खाज सुटायची, घामानं लुगडं भिजायचं आणि चोळी ढगळ झाली. मग एका डॉक्टरांनी टीबीची गाठ म्हणून सुया दिल्या, तीन महिने. त्यांचा दोष मी धरत नाही. आमच्याकडं मानेला गाठ म्हणजे टीबीच, दहातल्या नऊ जणांना तेच निघायचं. शेवटी तेच म्हणाले, "बाई, ही माझं ऐकत नाही. सोलापूरला जा."

दोन ग्लास रस

सोलापूरच्या मोठ्या दवाखान्यात गाठीचा तुकडा काढला. मी विचारलं, एवढ्याशा तुकड्यावरून कसं कळणार? आणि माझं मलाच हसू आलं. चार चमचे दुधावरून अख्ख्या चरवीचं फॅट सांगणारी मी!

निकालाच्या दिवशी डॉक्टरांनी आमच्या ह्यांना एकट्याला आत बोलावलं. हे बांधकाम खात्यात मैलकुली होते. दिवसभर सडकेवर एकटं काम, त्यामुळं बोलायची सवय कमी. बाहेर आले ते माझ्याकडं न बघता थेट फाटकाबाहेर गेले. थोड्या वेळानं उसाच्या रसाचे दोन ग्लास घेऊन आले. माझ्यासमोर उभं राहून एक ग्लास प्याले. मग दुसरा पण स्वतःच प्याले.

मी म्हटलं, "काय म्हणाले डॉक्टर?"

"रस ग्वाड हाय."

तेवढ्यावर मी ओळखलं. भीती वाटली का? वाटली. पण त्या रिकाम्या दोन ग्लासांकडं बघून हसू पण आलं. मी उठले आणि सरळ आत गेले. आत एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या.

म्हटलं, "बाई, नमुना माझा हाय. मग निकाल बी मलाच सांगा की."

त्यांनी हातातला कागद खाली ठेवला आणि मला खुर्ची दिली. नाव सांगितलं, कॅन्सर सांगितला. मग म्हणाल्या, "घाबरू नका असं मी म्हणणार नाही. पण हा कॅन्सर औषधाचं ऐकतो. तुम्ही सहा खेपा पुऱ्या केल्या तर बऱ्या होण्याची चांगली आशा आहे. मधे सोडलंत तर मात्र तो परत डोकं वर काढेल."

मी विचारलं, "रोग नेमका कशाला झालाय माझ्या? रक्ताला का मांसाला?"

त्यांनी समजावलं, की अंगात रक्ताशिवाय आणखी एक निवळ पाणी फिरतं. त्याच्या वाटेवर मानेत, काखेत, जांघेत छोट्या छोट्या गाठी असतात. त्या वाईट ते अडवतात, चांगलं ते पुढं सोडतात. तुमच्या त्या गाठीच बिघडल्यात.

मी म्हटलं, "म्हणजे नालाबांध."

"काय?"

दुष्काळात मी आणि आत्यांनी नाल्यावर बांध घातले होते, डोक्यावर मातीच्या पाट्या वाहून. वरून येणारा गाळ बांधाला अडतो, निवळ पाणी पुढं जातं. बांधाचीच माती बिघडली तर काय होणार, ते मला कुणी शिकवायला नको होतं. डॉक्टरीणबाई हसल्या. म्हणाल्या, "आता मी पण सगळ्यांना असंच सांगत जाईन."

नळदुर्गची हुसेनबी

एक खेप म्हणजे पंधरा दिवस औषध, पंधरा दिवस आराम. औषधाच्या पंधरवड्यात आठवड्याच्या अंतरानं दोनदा सुई, रोज गोळ्या. सुई असायची तेव्हा दवाखान्यात राहावं लागे. सकाळी झाडूवाली यायची, मग पावाची गाडी, मग वजन, मग सुई. सुईनंतर ओकाऱ्या. ते मी लपवत नाही. आतडं बाहेर येतंय असं व्हायचं.

शेजारच्या खाटेवर नळदुर्गची हुसेनबी होती, तिला पोटात गाठ. अंगानं दणकट आणि तोंडानं त्याहून. पहिल्या दिवशी मला म्हणाली, "अगे, रोती कायको? हसली तो सुई कम चुबती." आणि पदराच्या गाठीतून सुकवलेल्या आवळ्याचा तुकडा काढून माझ्या जिभेवर ठेवला. मळमळीला त्याच्याएवढं चांगलं मला काही लागलं नाही. डॉक्टरांना विचारून घ्या आणि तुम्ही पण ठेवून बघा.

दुसऱ्या खेपेला माझे केस गळाले. हुसेनबीचे आधीच गेले होते. एकमेकींच्या टकलाकडं बघून आम्ही एवढ्या हसलो, की नर्सबाई धावत आल्या. त्यांना वाटलं कुणाला तरी झटका आला.

बोटांची टोकं मात्र बधिर झाली. चोळीचं बटण हाताला कळेना. माझी लेक लावून द्यायची. रोज मोजत म्हणायची, "आई, आज दोन माझी, एक तुझं."

गल्लीत मिश्रीचा वास येईना

आता खरी गोष्ट.

पहिली खेप संपवून मी एस.टी.नं गावात उतरले तर गल्लीत काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. मग कळलं, वास नव्हता. आमच्याकडं घरोघरी बायका तव्यावर तंबाखू भाजून मिश्री करायच्या, सकाळी बोटानं दातांना लावायच्या. मी पण लावायची. गावात बातमी आली होती, की शेवंताला कॅन्सर झाला. कॅन्सर म्हणजे तंबाखूचा रोग, एवढं लोकांना ऐकून माहीत. झालं! अख्ख्या गल्लीनं मिश्रीच्या डब्या उकिरड्यावर फेकल्या. आणि पंधरा दिवस नळावर नुसती भांडणं. ज्या बायका कधी वर बघून बोलल्या नाहीत, त्या कळश्या आपटायला लागल्या. शेजारीण मला भेटायला आली ती हे म्हणतच, "शेवंताबाई, कॅन्सर तुला झाला आन डोस्कं आमचं फिरलं बघ!"

मी हसून घेतलं. मला वाटलं, चांगलंच झालं की. माझा रोग तंबाखूचा नाही, हे डॉक्टरीणबाई बोलल्या होत्या, पण ते सांगायच्या भानगडीत पडले नाही. चूक झाली ती तिथंच.

कारण घरात गेले तर आत्यांनी आपलं ताट वेगळं केलेलं. ताट, तांब्या आणि अंथरूण, सगळं बाहेर पडवीत. आमच्याकडं जेवताना आत्या आणि मी एका ताटात बसायचो, लग्न झाल्यापासून. आता मी वाढलं तर म्हणायच्या, "ठेव तिथं, घेते म्या." माझ्याकडं बघायच्या नाहीत. स्वयंपाक मात्र सगळा त्याच करायच्या. करायच्या, झाकून ठेवायच्या आणि पडवीत जायच्या.

वेगळं ताट म्हणजे काय, ते आमच्या माणसांना सांगायला नको. ह्याच आत्यांनी तेरच्या बाजारात हॉटेलवाल्यानं वेगळ्या कपात चहा दिला तेव्हा तो तसाच त्याच्या फळीवर ओतून दिला होता. त्या आत्यांना आता माझी लागण होईल म्हणून भीती वाटतीय, असं मी धरलं. सुया सोसल्या मी, केस गेले तरी हसले, पण हे काही गिळेना.

ह्यांना म्हटलं, "तुम्ही इचारा की त्यांना."

"मी? आईला?" असं म्हणून हे फावडं घेऊन सडकेवर गेले.

चौथ्या खेपेची सकाळ

तीन खेपा अशाच गेल्या. चौथीला निघायचं त्या सकाळी पिशवी भरली, हे दारात उभे आणि मी खाली बसले ती उठेचना.

"एष्टी जाईल," हे म्हणाले.

"जाऊ द्या. म्या येत न्हाय."

"डागदरीण काय म्हणली हुती? मधी सोडायचं न्हाय."

मी मुद्दाम मोठ्यानं बोलले, पडवीत ऐकू जाईल असं. "ज्या घरात माझ्या ताटाजवळ कुणी बसत न्हाय, त्या घरात बरी हून काय करू?"

बाहेर भांडं पडल्याचा आवाज झाला. आत्या आत आल्या. हातात त्यांची पत्र्याची मिश्रीची डबी. ती माझ्या पायाशी ठेवली आणि म्हणाल्या, "तुझ्या ताटाजवळ बसायला तोंड न्हाय मला."

"म्हंजे?"

"ही सवय तुला कुणी लावली? म्या लावली. दुष्काळात खडी फोडायला हुतो आपुन. मिलोची, त्या रेशनच्या लाल ज्वारीची, एक भाकर दोघीत. तुझी लेक अंगावर पीत हुती. तू म्हणलीस, आत्या, पोटात आग पडलीय. आन म्या काय केलं? घास द्यायचा सोडून तुझ्या बोटावर मिश्री ठिवली. म्हणलं, लाव, भूक मरतीया. भूक मारता मारता म्या तुलाच..."

तीन महिने मला वाटत होतं, की बाई मला वाळीत टाकतीय. आणि तिनं वाळीत टाकलं होतं ते स्वतःला.

मी म्हटलं, "आत्या, ह्यो रोग मिश्रीचा न्हाय. डॉक्टरीणबाई म्हणाल्यात." आणि नालाबांधाची सगळी गोष्ट त्यांना तिथंच, घरातल्या मातीच्या भुईवर बोटानं रेघा ओढून सांगितली. त्या खाली बसून नीट ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "बांधाची माती बिघडली, हे पटलं. पर बिघडवली कुणी?"

"ते डॉक्टरांना बी ठाव न्हाय."

"मग मिश्रीनं न्हाय, हे कशावरनं?"

सांगा आता! शाळा न शिकलेली बाई, पण प्रश्न वकिलाचा. हे दारातून म्हणाले, "दुसरी एष्टी साडेधाला हाय. आई, तू बी चल. तूच इचार." आमच्या लग्नानंतर हे एका दमात एवढं बोललेले मी पहिल्यांदा ऐकले.

शिक्का

आत्या डॉक्टरीणबाईंच्या समोर उभ्या राहिल्या. खुर्ची दिली तरी बसल्या नाहीत. डबी टेबलावर ठेवून म्हणाल्या, "बाई, ही म्या हिला दिली. हिच्यानं झालं का न्हाय, तेवढं सांग. खोटं सांगू नगं."

डॉक्टरीणबाईंनी डबी उघडून वास घेतला आणि परत बंद केली. म्हणाल्या, "आजी, मिश्रीनं तोंडाचा कॅन्सर होतो. गालाचा, जिभेचा. तो मी रोज बघते. सुनेला झालाय तो वेगळा. मिश्री कधी बघितली नाही अशा लहान मुलांना पण हा होतो. तुमच्यामुळं नाही झाला."

"ही माझी सून हाय. मला बरं वाटावं म्हणून तुला शिकवून ठिवलं असंल. लिहून दे."

डॉक्टरीणबाईंनी खरंच औषधाच्या चिठ्ठीचा कागद ओढला आणि लिहिलं. आत्यांनी तो हातात घेऊन उलटा-सुलटा बघितला. "शिक्का?"

शिक्का आणायला माणूस पाठवावा लागला. शिक्का उठला तेव्हा आत्या खुर्चीत बसल्या आणि हमसून हमसून रडल्या. डॉक्टरीणबाई पण चष्मा पुसत होत्या. मी एकटीच हसत होते.

ही खेप आत्या माझ्याजवळ राहिल्या. हुसेनबीशी त्यांची अशी गट्टी जमली, की मला कुणी विचारीना.

ह्या औषधांत एक गोळी अशी असायची, की तिनं भूक खवळायची. तोंड सुजून गोल आणि पोटात नुसता वणवा. घरी यायला निघालो तेव्हा सोलापूरच्या एस.टी. स्टँडवर आत्यांनी फडकं सोडलं. भाकरी आणि शेंगाची चटणी. फडकं एकच, आमच्या दोघींच्या मधे. मी एक भाकरी खाल्ली, दुसरी खाल्ली, तिसरी खाल्ली. आत्या आपला हात थांबवून माझ्याकडं बघत होत्या.

"अजून?"

"अजून हाय का?"

चौथी पुढं करत त्या म्हणाल्या, "खा. खा बाई. ह्याच पोटाला म्या बोटभर मिश्रीवर गप बसवलं हुतं." आणि त्या हसायला लागल्या, पदर तोंडाला लावून, गदगदा. पाचवी भाकरी त्यांच्या वाटणीची होती. ती पण त्यांनी मलाच दिली. मी अर्धी मोडून त्यांच्या तोंडात कोंबली. बाजूचे लोक बघत होते. बघू द्या.

चिठ्ठी

सहा खेपा पुऱ्या झाल्या. डॉक्टरीणबाईंनी मान, काखा, पोट सगळं चाचपून बघितलं, फोटो काढले आणि म्हणाल्या, "गाठ सापडत नाही." आधी दर तीन महिन्यांनी, मग सहा, मग वर्षानं तपासणी. तपासणीच्या आदल्या दिवशी दरवेळी मी पोत मधोमध आहे ना, ते चाचपून बघायची. ती भीती पुढं कितीतरी वर्षं गेली नाही. तिला औषध नाही, सोबत चांगली असावी एवढंच.

केस परत आले ते कुरळे. डेअरीत मी जाऊन बसले तर बधिर बोटांनी पहिल्या दिवशी नमुन्याच्या तीन बाटल्या फोडल्या. चेअरमन म्हणाले, "फोडा, फोडा. तुम्ही नव्हता तर यंत्र बी रुसलं हुतं." हळूहळू बोटांत जीव आला. मग एक दिवस दुधाला आलेल्या बायकांना मी खरं ते सांगून टाकलं, की माझा रोग मिश्रीचा नव्हता. मग शेजारीण म्हणाली, "आगं भवाने! मग आमी उगंच सोडली व्हय?" मी म्हटलं, "उगंच न्हाय. तोंडाचा होतो तिच्यानं. शिक्क्यानिशी लिहून दिलंय." निम्म्या बायकांनी सोडली ती कायमची. निम्म्यांनी त्याच संध्याकाळी तवा ठेवला. मी माझं काम केलं.

आत्या त्यानंतर खूप वर्षं जगल्या. मिश्री त्यांनी परत लावली नाही. पण डबी टाकली नाही. घासून, उन्हात वाळवून तिच्यात ती चिठ्ठी ठेवली. घरात पाव्हणा आला, की पाणी द्यायच्या आधी मला हाक, "शेवंता, चिठ्ठी वाचून दाखव." मी वाचायची:

"शेवंताबाईंच्या आजाराला मिश्री कारण नाही. सासूबाईंचा यात काहीही दोष नाही. मिश्री मात्र पुन्हा कुणीही लावू नये."

मधलं वाक्य मी वाचत असताना आत्यांचे ओठ हलायचे. त्यांना ते पाठ होतं.

गल्लीतली लेक परवा आली तेव्हा मी तिला शेवटी एकच विचारलं, "घरात गप कोण झालंय?" ती विचार करून म्हणाली, "सासरे. पंधरा दिवस झालं, बोलत न्हायती. मला वाटतं, कंटाळले असतील."

मी म्हटलं, "पुढच्या खेपेला त्यांना बी घेऊन जा. आन डॉक्टरांसमोर बसव. त्यांना काय इचारायचंय, ते त्यांचं त्यांना इचारू दे."

तुम्हालाही तेच सांगते. आता पेन ठेवते, ह्या पोराला भूक लागलीय आणि मला पण. पोत मधोमध आहे.